पाहुणपाऊस

वाघजाईच्या डोंगराला तीन कुशी आहेत आणि तिन्ही कुशींची कारवी वेगवेगळ्या वर्षी फुलते. हे सरकारी नकाशात नाही. नकाशात उंची आहे, उतार आहे, संरक्षित जंगलाची हिरवी रेघ आहे, वाघ कुठून कुठे गेला त्याचे ठिपकेसुद्धा आहेत. पण कुठली कूस कुठल्या साली फुलली हे विचारायचं, तर टेपवाडीच्या ठकूआत्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागायचं, आणि आधी तिचा कोरा चहा घशाखाली घालावा लागायचा. तो चहा म्हणजे शिक्षाच होती, पण इलाज नव्हता.

ज्यांनी कारवी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. सह्याद्रीच्या उतारांवर हे झुडूप एकमेकांना खेटून, माणूसभर उंच वाढतं. सहा वर्षं नुसतं हिरवं असतं. सातव्या वर्षी पावसाळा सरता सरता अख्खा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांना दुसरं काही सुचत नाही, आणि दाट, काळपट मध मिळतो. मग बोंडं धरतात. ती पुढच्या उन्हाळ्यात वाळतात आणि वैशाखाच्या शेवटी तडतड फुटून बी उधळतात. बी उधळलं की झाड मेलं. एक झाड नव्हे, अख्खा उतार एकाच वेळी. त्या वाळक्या काठ्यांचे कूड घालून वरून शेणमातीनं लिंपलेली घरं टेपवाडीत अजूनही आहेत.

आता झाडं मेली म्हणजे मुळंही मेली. आणि उताराची माती धरून ठेवते कोण? तीच मुळं. नव्या बियांची रोपं पहिल्या पावसात बोटभरही नसतात. म्हणजे फुलल्यानंतरचा एक पावसाळा त्या उताराला वाली नसतो. जुन्या लोकांनी हे कुठल्या कॉलेजात न जाता ओळखलं होतं. म्हणून उगवतीची कूस फुलली, की पुढच्या मिरगाआधी तिच्याखालच्या टेपवाडीनं गुरं, भांडी, म्हातारी माणसं घेऊन शिरंबीत नाहीतर पाठवाडीत मुक्कामाला जायचं. शिरंबीवरची मावळतीची कूस फुलली, की शिरंबीनं टेपवाडीत यायचं. घट बसले की परतायचं. याला पाहुणपाऊस म्हणायचे. यजमानानं अर्धा गोठा मोकळा करून द्यायचा आणि चार महिने भांडायचं नाही, एवढे दोनच नियम होते. तेजल झोरेचे आईवडील अशाच एका पाहुणपावसात एकमेकांना पहिल्यांदा दिसले होते.

तिसरा नियम फक्त ठकूआत्याला लागू होता. ती तिन्ही वाड्यांची पाळी राखायची. तिच्या आधी तिची सासू राखायची. पाळी राखणारीनं बोंडं तडतडताना आपल्या कानानं ऐकायची, कुशीनं बी टाकलं म्हणून तिन्ही वाड्यांना सांगायचं, कारण त्याशिवाय घटाला कोणी परतायचं नाही, आणि मग सगळ्यांच्या मागून घर सोडायचं. सत्त्याहत्तर वर्षांत ती अकरा वेळा टेपवाडी सोडून गेली होती आणि अकरा वेळा परत आली होती. वय विचारलं की ती म्हणायची, "अकरा कारव्या झाल्या. बारावी बघू का न्हाई, ते वाघजाईला म्हाईत."

तेजल तिची भाची. वाघजाईच्या जंगलाची वनरक्षक. अंगात खाकी, कमरेला गाभ्याच्या फाटकाची चावी. गाभा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, सडा. तिथल्या डबक्यांत अशी बेडकं आहेत जी जगात दुसरीकडे कुठे नाहीत, म्हणून तिथे माणसाला बंदी आणि गुरांना तर त्याहून. तेजलनं दहा वर्षांत स्वतःच्या चुलतभावाला धरून चारदा फाटकाबाहेर हाकललं होतं. तो अजून तिच्याशी नीट बोलत नसे.

डॉक्टर सलील मोहरीर आले ते २०४६च्या फेब्रुवारीत. वनस्पतिशास्त्रज्ञ, चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, आणि खोटं बोलणारा अजिबात नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. त्यांना पाठवलं होतं फूलपर्व नावाच्या नव्या मंडळानं. मंडळाला उगवतीची कूस हवी होती, कारण तीच घाटरस्त्यावरून दिसते. सात वर्षांतून एकदा फुलणारा डोंगर बघायला लोक येतात खरे, पण सात वर्षं थांबतो कोण?

वाघजाईच्या देवळापुढे भर दुपारी तिन्ही वाड्या जमल्या. मोहरीर पारावर न बसता खाली मातीत बसले, ते लोकांना आवडलं.

"समजा, प्रत्येक कारवीच्या पोटात एक पेटी आहे," ते म्हणाले. "पेटीत फुलायचा हुकूम आहे. पेटीला सात कुलपं. दर उन्हाळ्यात झाड तहानतं, तेव्हा त्यातलं एक उघडतं. सात उन्हाळे, सात कुलपं. झाड वर्षं मोजतं ते असं. ही कुलपं म्हणजे त्याच्या गुणसूत्रांना चिकटलेले बारीक रेणू असतात. ते सोडवायची फवारणी आम्ही शोधली आहे. ड्रोननं एकदा फवारलं, की उरलेली सगळी कुलपं एकदम उघडतात."

"म्हंजे चावी तुमच्याकडं," ठकूआत्या म्हणाली.

"हो."

"दिली कुणी?"

लोक हसले. मोहरीरही हसले.

"झाड मरंल न्हवं?" तिनं विचारलं.

"मरेल, आजी. ते फुलल्यावर मरतंच. चार वर्षं आधी, एवढंच."

"बी धरंल?"

"धरेल. आम्ही काचघरात बघितलंय."

ठकूआत्यानं हो म्हटलं नाही. तिच्या होकाराशिवाय वाड्या अंगठा उठवणार नव्हत्या. आणि मंडळ त्या बदल्यात रस्ता देणार होतं. टेपवाडीपर्यंत डांबरी रस्ता आणि खाली दवाखाना. तेजलची आई बावीस वर्षांपूर्वी डोलीतून घाट उतरताना वाटेतच गेली होती. तेजल तेव्हा चौदा वर्षांची होती आणि डोलीच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती. डोली थांबली ती जागा अजून तिच्या गस्तीच्या वाटेवर होती. तिथून जाताना ती आजही भराभर पावलं टाकायची.

तेव्हा तेजल पुढे झाली आणि आत्याजवळ बसली.

"आत्ये, एकाच कुशीचं तर हाय. पुढच्या पावसाळ्यात आपण शिरंबीत जाऊ, न्हाईतर पाठवाडीत. दर बहराला जातोच की. आपल्याला काय नवं हाय त्यात?"

एखाद्या दुसऱ्या गावानं कदाचित घाबरून नाही म्हटलं असतं. पण टेपवाडीपाशी पाहुणपाऊस होता. कूस मेली तर काय करायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच ते फसले. ठकूआत्यानं मान डोलावली. ग्रामसंमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही तेजलनं केली.

ऑगस्टमध्ये उगवतीची कूस फुलली. आणि काय फुलली. घाटरस्त्यावर गाड्यांची रांग, ढगात शिरणारा जांभळा उतार, त्यात ओळीनं चालणारी रंगीत रेनकोटांतली माणसं. रस्ता झाला होता. दवाखान्यात डॉक्टर बसायला लागला होता. तेजलच्या चुलतभावाला वाटाड्याचं काम मिळालं, तेव्हापासून तो तिच्याशी बोलायला लागला. लोक तेजलला दुवा देत होते आणि तिलाही बरं वाटत होतं. का वाटू नये?

ठकूआत्या मात्र एका सकाळी काठी टेकत उतारावर गेली आणि तशीच परत आली.

"तीन वर्साची झाडं," ती ओट्यावर बसत म्हणाली. "माझ्या कमरंला लागत्यात. लेकरागत हायेत, नि अंगभर फुलं. मला बघवना."

"मध तर झाला न्हवं?"

"मध झाला. गोड हाय." तिनं काठी भिंतीला टेकवली. "जांभळं दिसलं की मला कधी भ्या वाटलं न्हवतं गं. औंदा वाटलं."

ऑक्टोबरात तेजल पाठवाडीच्या बाजूला गस्तीवर होती. पाठवाडीवरची कारवी एक वर्षाची, जेमतेम वीतभर. तिथे तिला पायाशी काहीतरी जांभळं दिसलं. ती खाली बसली. चार पानांचं रोप, आणि त्याच्या टोकाला कळी. पलीकडच्या रोपालाही. त्याच्या पलीकडच्यालाही. ती उठून चालत गेली, अर्धा तास चालत राहिली, आणि सगळीकडे तेच होतं. दुसऱ्या दिवशी शिरंबीवरची मावळतीची कूस बघून आली. तिथली झाडं दोन वर्षांची, आणि तिथेही कळ्या होत्या.

मोहरीर दोन दिवसांत पोचले. त्यांनी खुरपं मागून घेतलं आणि उगवती नि मावळती यांच्यामधल्या ओढ्याकाठी हातभर खोल खणलं. मातीचं ढेकूळ फोडून त्यांनी तेजलपुढे धरलं. आत पांढरे धागे होते, भाकरीवर बुरशी येते तसले.

"ही बुरशी मुळांना जोडते," ते म्हणाले. "एका झाडाचं पाणी, एका झाडाची खबर दुसऱ्याकडे नेते. हे आम्हाला माहीत होतं. कुलूप उघडणारा रेणूही यातून जाईल, हे माहीत नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की ओढा आडवा आहे."

"ओढा वरून आडवा आहे, डॉक्टर."

"हो," ते म्हणाले. "खालून नाही."

त्यांनी ढेकूळ परत खड्ड्यात ठेवलं आणि वर माती लोटली. तेजलला त्यांची कीवही आली आणि एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं.

तिनं वरती अहवाल दिला. साहेबांनी तो वाचला आणि फोन केला. "झोरे, दुसरा बहर म्हणजे पर्वणीच आहे. मंडळ खूश आहे. तीन महिने अजून माणसं येतील. गावात उगाच गवगवा करू नका, पुढचं पुढे बघू." तेजलनं "हो साहेब" म्हटलं. दहा वर्षं तिनं तेच म्हटलं होतं, त्यामुळे ते आपोआप तोंडून गेलं.

पण वाड्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तिन्ही कुशी एकाच साली जांभळ्या झालेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. पर्यटकांनी फोटो काढले. वाड्यांतल्या बायका धुणं वाळत घालताना वर बघायच्या आणि पुन्हा खाली बघायच्या.

मे उजाडला. डोंगर चहूबाजूंनी वाळून तपकिरी झाला. अशा दिवसांत एरवी शिरंबीकडून किंवा पाठवाडीकडून बोलावणं यायचं: या पाहुणपावसाला, गोठा मोकळा केलाय. या वर्षी एका सोमवारी शिरंबीचे चार म्हातारे टेपवाडीत आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. ते बोलवायला आलेत की राहायला आलेत, हेच कोणाला कळेना. त्यांनाही ते नक्की ठाऊक नसावं. शेवटी त्यांच्यातला थोरला, कोंडिबा, म्हणाला, "ठकूबाय, औंदा पाहुणा कोण नि यजमान कोण?"

ठकूआत्यानं चहा ठेवला.

मग तिनं तेजलला हाक मारली. "तेजे, वैशाख सराया आला. कुठली कूस तडतडली का?"

तेजलनं मान हलवली. तडतडली नव्हती. खरं तर हीच गोष्ट तिला पंधरा दिवस छळत होती. बहरानंतरच्या मेमध्ये हा डोंगर इतका वाजायचा, की दुपारची झोप लागायची नाही. लहानपणी तिला वाटायचं, कुणीतरी डोंगराएवढी लाह्यांची कढई चुलीवर ठेवली आहे. आता ऊन होतं, वारा होता, करकरीत वाळलेली बोंडं होती, पण आवाज नव्हता. पाखरंसुद्धा बोलत नव्हती.

तिनं तीन दिवस तिन्ही कुशींवर फिरून बोंडं खुडली. दगडावर ठेवून नखानं एकेक उघडलं. दोनशे बोंडं. दोनशेच्या दोनशे रिकामी.

मोहरीर मंडळाची नोकरी सोडून आले होते आणि शाळेच्या खोलीत राहत होते. तेजलनं ती टरफलं त्यांच्यापुढे ओतली.

"काचघरातली झाडं सहा वर्षांची होती," ते हळू आवाजात म्हणाले. "एकच कुलूप उरलेली. त्यांना बी धरलं. एक ते तीन वर्षांच्या झाडात बी भरायची ताकदच साठलेली नसते. आम्ही ते तपासलं नाही. आणि रिकामं बोंड तडतडत नाही, कारण आत ताण द्यायला काही नसतं."

"म्हणजे रोपं येणारच नाहीत."

"यंदा नाहीत. पुढच्या वर्षीही कुठून येणार? तिन्ही कुशींवर बी टाकायला एक झाड उरलेलं नाही."

"माती कधी सुटेल?"

त्यांनी खिशातून एक छोटं यंत्र काढलं. मातीत खुपसायची कांडी आणि कानाला लावायची बोंडकी. "मेलेली मुळं पाणी प्यायली की फुगतात, मग ताणली की तुटतात. तुटताना आवाज करतात. मी दुसऱ्या एका डोंगरावर ऐकलाय, फार बारीक. उतार सुटायच्या आधी तो आवाज मोठा होतो. कांडीशिवायही ऐकू येतो म्हणतात. मग मात्र फार वेळ नसतो."

तेजलनं त्याच दुपारी साहेबांना फोन करून गाभ्याचं फाटक उघडायची परवानगी मागितली. वाघजाईच्या डोंगरात घसरणार नाही अशी एकच जागा होती, माथ्यावरचा सडा. नुसता कातळ, वर मातीच नाही, तर घसरणार काय?

"गाभ्यात दोनशे माणसं आणि गुरं?" साहेब म्हणाले. "झोरे, डोकं ठिकाणावर आहे का? ती बेडकं जगात दुसरीकडे कुठे नाहीत. लाल इशारा आला की तालुक्याच्या शाळेत सोय करू."

"साहेब, तालुक्याचा रस्ता उगवतीच्या पायथ्यानं जातो. मीच सही करून आणलाय तो."

"परवानगी नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजलनं कमरेची चावी काढून फाटक उघडलं. चुलतभावानं फाटकाचं दार मागे लोटून धरलं. तिन्ही वाड्या गुरं घेऊन वर चढू लागल्या. म्हशींच्या खुरांखाली सड्यावरची डबकी गढूळ होताना ती उभी राहून बघत होती. ज्या जागेला दहा वर्षं जपलं, ती तिनं आपल्या हातानं तुडवायला दिली होती. रडू आलं, तेव्हा तिनं तोंड वळवलं. कोंडिबा जवळ येऊन म्हणाला, "पोरी, औंदा यजमान तू." तिला त्याचं बरंही वाटलं नाही आणि वाईटही.

वर न आलेलं माणूस एकच होतं.

तेजल टेपवाडीत उतरली तेव्हा सगळी घरं बंद होती आणि ठकूआत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"चल, आत्ये."

"तडतडल्याबिगर कशी येऊ? मी सांगितल्याबिगर कुणी माघारी यायचं न्हाई, नि ऐकल्याबिगर मी सांगायचं न्हाई. माझ्या सासूनं सुपातल्या तांदळाला हात लावून आण घेतलीय माझ्याकडून."

"बोंडं पोचट हायेत गं."

तांदूळ निवडणारी बोटं थांबली. तिनं वर पाहिलं. म्हातारीचे डोळे मोतीबिंदूनं निळसर झाले होते, पण ते नेमके तेजलच्या तोंडावर रोखलेले होते.

"समदी?"

तेजलच्या खिशात दोनशे टरफलांची पुडी होती. ती काढून सुपात ओतली असती तर काम झालं असतं. पण समदी म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? तुझी कूस आता कधी फुलणार नाही, बारावी कारवी तुला दिसणार नाही, तुझ्या सासूनं दिलेली पाळी तुझ्यापाशी संपली, आणि ती मी संपवली. आईच्या मागे हिनं तिला वाढवलं होतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या केसांतल्या उवा हिनं काढल्या होत्या.

"समदी न्हाईत," तेजल म्हणाली. "असतील की काही भरलेली."

ठकूआत्याचा चेहरा उजळला. "मग तडतडंल. उशीर लागंल, पर तडतडंल. लहान झाडं हायेत, त्यांना कळाया वेळ लागतो." तिनं पुन्हा तांदळात बोटं घातली. "मिरगापातुर थांबते. ऐकलं की येते. न्हाई ऐकलं तरी येते, वाघजाईची आण."

मिरगाला नऊ दिवस होते. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. तेजलनं आपला वॉकीटॉकी तिच्या हातात दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि चौकीतला दुसरा सड्यावर नेला. सकाळ-संध्याकाळ बोलायचं असं ठरलं. म्हातारीला ते खेळणं फार आवडलं. सकाळी सकाळी ती सड्यावरच्या प्रत्येकाची चौकशी करायची, कोणाची म्हैस आटली, कोणाचा जावई रुसला, आणि डॉक्टरला चहा कोण देतं, हेही विचारायची.

पाऊस सहा दिवस आधी आला. त्याला पाऊस म्हणायचं ते दुसरा शब्द नाही म्हणून. दोन दिवस आणि दोन रात्री तो सड्यावर एका धारेत पडत होता. खाली जायची वाट ओढ्यानं धरली होती. दोनदा तेजल आणि चुलतभाऊ दोर घेऊन उतरले आणि छातीएवढ्या पाण्यातून मागे फिरले. वॉकीटॉकीवर ती आत्याला सांगत होती, घरातून बाहेर पड, देवळाच्या टेकाडावर जाऊन बस. आत्या म्हणत होती, पाय घसरतोय गं, थोडा उतार पडू दे, जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाऊस थोडा उणावला. ताडपत्र्यांच्या खाली चुली पेटल्या. तेजल दोर खांद्यावर टाकून निघालीच होती, तेवढ्यात मोहरीरच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

"तेजे. ऐकतीस का?"

"बोल आत्ये. निघाले मी. पाणी उतरलंय."

"अगं, तडतडली."

तेजल जागच्या जागी थांबली.

"उगवतीची तडतडली गं. सकाळपासनं बारीक ऐकू येतं, मला वाटलं कान वाजत्यात. आता लख्ख येतंय. चहूकडनं. थांब, तुला ऐकवते." दार करकरलं. मग पावसाच्या रिपरिपीआडून तो आवाज आला. तड. तडतड. तडतड तडतड. दाट, कोरडा, अख्ख्या उतारभर पसरलेला, लहानपणच्या मेमधला होता तस्सा. मोहरीरनी तेजलकडे पाहिलं.

"आत्ये, ते बोंडं न्हाईत. ऐक माझं. ती मुळं हायेत. बाहेर पड, देवळाकडं पळ, आत्ताच्या आत्ता."

पण दोघींनी एकदम बटण दाबलं होतं आणि म्हातारी अजून बोलतच होती. "तू म्हणलीस न्हवं, काही भरलेली असतील म्हणून. तुझंच खरं झालं. समद्यांना सांग, कुशीनं बी टाकलं. म्हणावं, ठकूनं आपल्या कानानं ऐकलं."

जवळच्या ताडपत्रीखाली कोंडिबा बसला होता. त्यानं ऐकलं. तो उठला आणि पलीकडच्या चुलीपाशी जाऊन म्हणाला, तडतडली म्हणे. तिथून ते पुढच्या चुलीला कळलं. कूस तडतडली. ठकूबायनं ऐकलं. घटाला माघारी जायचं. बायकांनी वाघजाईला हात जोडले, कुणीतरी गुळाचा खडा फोडला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच सड्यावर माणसं हसायला लागली.

तेजलनं वॉकीटॉकी कानाशी गच्च धरला होता. तडतड वाढत गेली, मग तिच्यामागून दुसरा एक जड आवाज आला, आणि मग नुसती खरखर उरली. तिच्या पायाखालचा कातळ जरासा हलला. चुलतभावाची बायको गुळाचा खडा घेऊन तिच्यासमोर उभी होती.

"घे की," ती म्हणाली. "आत्याबाई कधी निघतायत वर?"